पायांचं गाऱ्हाणं

कोथरूडमध्ये पहाटे साडेपाचच्या सुमाराला रस्त्यावर आलात, तर दोन तऱ्हेच्या बायका दिसतील. एक म्हणजे बूट घालून टेकडीकडे फिरायला निघालेल्या. आणि दुसऱ्या, सुतारदरा, केळेवाडी, किष्किंधानगरच्या उतारावरून हातात पिशवी घेऊन झपझप खाली येणाऱ्या. या दुसऱ्या बायका कुणी पोळ्या करायला, कुणी धुण्याभांड्याला, कुणी पोळी-भाजी केंद्रात निघालेल्या असतात. नोकरदार घरांचे डबे आठच्या आत भरायचे, म्हणजे यांना उजाडायच्या आधी घर सोडावंच लागतं. मग दुपारपर्यंत ओट्याशी उभं! एकाच जागी, दोन पायांवर. गावोगावी हेच चित्र आहे. खानावळीत, शाळेच्या खिचडीच्या चुलीपाशी, साडीच्या दुकानात. आणि आपल्या स्वतःच्या स्वयंपाकघरात तरी वेगळं काय असतं?

या वस्त्यांमधल्या बचत गटांबरोबर मी गेली काही वर्षं काम करते. बैठक संपली की जमिनीवरून उठताना प्रत्येकीच्या तोंडून एकच उद्गार येतो, "आई गं, पाय!" कशामुळे दुखतात विचारलं, की ठरलेली तीन उत्तरं. वात, वय, नाहीतर "दिवसभर उभं राहिल्यावर दुखणारच की हो ताई!" या तिन्ही उत्तरांनी एकच गोष्ट होते. पुढे काही करायची गरज उरत नाही.

म्हणून एका संक्रांतीला आम्ही हळदीकुंकवाला एका डॉक्टर मैत्रिणीला बोलावलं. भाषण नको म्हटलं, फक्त बायकांचे पाय बघ. सुरुवातीला कोण हसाहशी! "इश्श, पाय काय दाखवायचे?" मग एकीनं साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि मग सगळ्यांनीच. खरं सांगते मैत्रिणींनो, त्या खोलीत कित्येक जणींनी आपल्याच पोटऱ्या नीट उजेडात पहिल्यांदा पाहिल्या असतील. कुणाच्या पोटरीवर निळ्या दोऱ्यांची गुंतवळ, कुणाच्या घोट्याजवळ काळपट डाग, कुणाचा एकच पाय सुजलेला. साडीच्या घोळात झाकलं गेलं की आपल्यालाही दिसत नाही आणि घरातल्यांनाही.

डॉक्टरीणबाईंनी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारला, "दुखतं कधी?" किती दुखतं हे नंतर. कधी दुखतं? उभं राहिल्यावर, चालल्यावर, की रात्री आडवं झाल्यावर? एका पायात की दोन्ही? मी डॉक्टर नाही, आर्ट्सची पदवीधर आहे. पण या प्रश्नातली गंमत कळली आणि मग मी त्याच्या मागेच लागले. वाचलं, विचारलं, समजून घेतलं. तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

रक्त हृदयातून पायाकडे जातं ते धमन्यांमधून आणि परत येतं ते शिरांमधून. जाताना हृदयाचा जोर पाठीशी असतो. परत येताना मात्र सगळा चढच! हा चढ चढवायला पायात दोन गोष्टी कामाला येतात. एक पोटरीचा स्नायू. आपण चाललो की तो आवळतो, आतल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. दुसरी गोष्ट म्हणजे शिरांमधल्या इवल्याशा झडपा. त्या वरच्या दिशेनंच उघडतात, वर गेलेलं रक्त खाली येऊ देत नाहीत.

ही झडप घरबसल्या बघता येते. डावा हात थोडा वेळ खाली सोडून ठेवा, म्हणजे मागच्या बाजूच्या शिरा फुगतील. एका ठळक शिरेवर, बोटांच्या बाजूला, उजव्या हाताचं एक बोट दाबून धरा. ते न उचलता शेजारच्या बोटानं त्या शिरेतलं रक्त मनगटाकडे एखाद-दोन इंच सारा आणि हे दुसरं बोट उचला. शीर रिकामीच राहते ना? वरून रक्त मागे येत नाही. आता पहिलं बोट उचला, लगेच भरेल. इंग्लंडच्या विल्यम हार्वे या डॉक्टरनं असेच प्रयोग करून, रक्त शरीरात गोल फिरतं हे सिद्ध केलं आणि १६२८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्याआधी शेकडो वर्षं युरोपातले वैद्य असं मानत होते, की यकृतात रोज नवं रक्त तयार होतं आणि शरीर ते शोषून घेतं. आमच्या गटातल्या बायकांनी हा प्रयोग इतक्यांदा केला की हात लाल झाले!

आता उभं राहण्याकडे येऊ. एका जागी तासन्‌तास उभं राहिलं की पोटरी आवळत नाही. रक्त खाली साचतं, शिरा ताणल्या जातात, झडपांची दारं एकमेकांना भिडेनाशी होतात. मग वर गेलेलं रक्त पुन्हा खाली उतरतं. यालाच व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. आईला असतील तर लेकीला होण्याची शक्यता जास्त. प्रत्येक बाळंतपणानं थोडी भर पडते आणि वाढलेलं वजनही त्यात आपला वाटा उचलतं.

याची सुरुवात फुगलेल्या निळ्या नसांनी होते असं आपल्याला वाटतं. पण त्याआधी शरीर बारीक खुणा करत असतं. सकाळी सहज फिरणारी जोडवी संध्याकाळी रुतायला लागतात. पैंजणाचा, नाहीतर मोज्याच्या इलॅस्टिकचा वळ घोट्यावर उमटतो आणि बराच वेळ जात नाही. दुपारनंतर पाय शिशासारखे जड होतात, ठणकतात. रात्री पोटरीत गोळा येतो. (गोळा यायला इतरही कारणं असतात, एकट्या गोळ्यावरून घाबरू नका.) पाय उशीवर उंच ठेवून पडलं की बरं वाटतं आणि सकाळी सूज उतरलेली असते. सकाळी बरं, संध्याकाळी वाईट. उभं राहून वाढतं, पाय वर घेतल्यावर कमी होतं. हे शिरांचं दुखणं.

याकडे वर्षानुवर्षं पाहिलंच नाही तर घोट्याच्या आतल्या बाजूला, थोडं वर, कातडी तपकिरी-काळपट व्हायला लागते. खाज सुटते. कातडी जाड, चिवट होते. इथं बहुतेक जणी फसतात. मेडिकलच्या दुकानातून गजकर्णाचं मलम आणून महिनोन्‌महिने लावत बसतात. साचलेल्या रक्तातलं लोह कातडीत उतरून तो डाग पडलेला असतो, त्याला मलम काय करणार? पुढे तिथंच जखम होते आणि ती भरता भरत नाही. डाग दिसला की मलमवाल्याकडे न जाता डॉक्टरकडे जायचं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

आणखी एक. फुगलेली नस कधी धक्का लागून फुटते. बाथरूममध्ये रक्ताची धार लागते, बाई घाबरून उभीच राहते आणि रक्त आणखी वाहतं. अशा वेळी लगेच आडवं व्हायचं, पाय उंच करायचा आणि स्वच्छ फडकं त्या जागी घट्ट दाबून धरायचं. बहुधा थांबतं. तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

ओट्याशी उभं राहणं टळत नाही, मान्य. पण उभ्या उभ्या दर पंधरा-वीस मिनिटांनी टाचा उचलून चवड्यांवर यायचं, पुन्हा टेकायचं, असं वीसेक वेळा करता येतं. पोटरीला तेवढंच काम. आमच्या ओळखीच्या एका पोळी-भाजी केंद्रात गटानं दोन उंच स्टुलं घेऊन दिली. मालकीणबाईंचं पहिलं वाक्य, "बसून कुठं पोळ्या लाटतात का?" लाटतात की! ओटा आणि स्टूल यांची उंची जुळली की झालं.

बसण्याचा हा हक्क मागायला केरळातल्या बायकांना रस्त्यावर यावं लागलं. कोळिकोडच्या दुकानांमधून काम करणाऱ्या विक्रेत्या मुलींना दिवसभर, गिऱ्हाईक नसतानासुद्धा, बसायची मनाई असे. वर शौचालयाची सोय नाही, म्हणून त्या पाणीही कमी प्यायच्या. विजी नावाच्या एका शिवणकाम करणाऱ्या बाईंनी त्यांना एकत्र केलं, 'पेनकूट्टू' ही संघटना उभी केली. शेवटी २०१८ मध्ये केरळ सरकारनं कायदा बदलला आणि दुकानात बसण्याची सोय देणं मालकांना बंधनकारक केलं. त्याच वर्षी बीबीसीनं जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत विजींचं नाव घातलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनंही तसाच कायदा केला. पुढच्या वेळी साडी घ्यायला जाल तेव्हा दाखवणारी मुलगी किती वेळ उभी आहे ते जरा बघा.

आता दुसरं दुखणं. आमच्या गटातल्या एक मावशी, वय पन्नाशीच्या पुढचं. संध्याकाळी काम आटोपून सुतारदऱ्याचा चढ चढताना त्या ठरलेल्या विजेच्या खांबापाशी थांबायच्या. उजवी पोटरी कुणीतरी मुठीत आवळल्यासारखी धरायची. दोन-तीन मिनिटं नुसत्या उभ्या राहिल्या की एकदम मोकळी, की पुन्हा पुढच्या खांबापर्यंत. सूज नाही, निळ्या नसा नाहीत. ओट्याशी तासभर उभ्या राहिल्या तरी काही नाही. सगळ्या म्हणायच्या, चढ आहे, दम लागतो. पण दम छातीत लागतो, पोटरीत कसा लागेल?

हे धमन्यांचं दुखणं. चालताना स्नायूला जास्त रक्त लागतं. वाट अरुंद झाली असेल तर ते पोचत नाही आणि स्नायू कळवळतो. थांबलं की मागणी कमी होते, कळ थांबते. साधारण तेवढंच अंतर चाललं की दुखणार आणि नुसतं उभं राहिलं की थांबणार, ही त्याची खूण. पाठीच्या मणक्यात नस दबली तरी चालताना पाय दुखतात. पण तिथं नुसतं उभं राहून भागत नाही, बसावं किंवा पुढे वाकावं लागतं. दुखणं आणखी वाढलं की रात्री अंथरुणात पाऊल, बोटं ठणकतात आणि पाय खाटेखाली लोंबकळत सोडला की बरं वाटतं. बघा, शिरांच्या दुखण्यात पाय वर घेतल्यानं आराम आणि धमन्यांच्या दुखण्यात खाली सोडल्यानं! म्हणूनच शेजारणीला घट्ट इलॅस्टिकच्या मोज्यांनी गुण आला म्हणून आपणही दुकानातून आणून चढवायचे नाहीत. आधीच रक्त कमी पोचणाऱ्या पायाला ते आणखी आवळतील.

धमन्या अरुंद होतात त्या मधुमेह, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांनी. तंबाखू म्हटलं की आपल्याला बिडी-सिगारेट ओढणारे पुरुष आठवतात. पण मशेरी? तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ती तंबाखूच ना! सकाळी दात घासायला म्हणून सुरुवात, मग दुपारी एकदा, मग कामाला निघताना एकदा. त्या मावशींच्या कमरेच्या पिशवीत मशेरीची डबी असायचीच. निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं, मग तंबाखू ओढा, चघळा नाहीतर दातांना लावा. "मी कुठं तंबाखू खाते?" असं त्या डॉक्टरांना अगदी मनापासून म्हणाल्या होत्या. त्यांच्या मते मशेरी म्हणजे दंतमंजन.

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पावलावर दोन ठिकाणी नाडी बघितली. एक पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठा आणि त्याशेजारच्या बोटाच्या रेषेत मध्यावर. दुसरी घोट्याच्या आतल्या हाडाच्या मागे. तुम्हीही शोधून बघा. हलकेच दोन बोटं ठेवायची, जोरात दाबायचं नाही. एखादीला वरची नाडी जन्मतःच लागत नाही, त्यानं दचकू नका. पण एका पायात ठळक लागते आणि दुसऱ्यात दोन्ही जागी लागत नाही, तो पाय दुसऱ्यापेक्षा गार आहे, नडगीवर कातडी चकचकीत झाली आहे, बोटांवरची जखम भरत नाही, असं असेल तर तपासणी हवीच. पायाच्या अंगठ्याचं नखही दाबून बघता येतं. दाबल्यावर पांढरं पडतं, सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. थंडीत थोडा उशीर लागतो.

मोठ्या तपासणीला घाबरायचं कारण नाही. दंडाचा रक्तदाब घेतात तसा घोट्याशीही घेतात आणि घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्यानं भागतात. एरवी घोट्याचा दाब दंडाइतका किंवा थोडा जास्तच असतो. दंडात १४० आणि घोट्यात ९० असेल तर उत्तर येतं ०.६४. ०.९० किंवा त्याहून कमी आलं तर धमनी अरुंद झाल्याचा संशय घेतात. सुई नाही, काही नाही. फक्त जुना मधुमेह असेल तर धमन्या कडक होऊन हा आकडा फसवू शकतो, ते डॉक्टर बघतात.

मावशींना ऑपरेशन लागलं नाही. साखरेच्या आणि रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या, मशेरी बंद, आणि चालणं! दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. दुखणाऱ्या पायानं चालायचं हे त्यांना पटेचना, पण अशा चालण्यानं बारीक वाटा मोठ्या होतात, स्नायूही आहे त्या रक्तात भागवायला शिकतो. डॉक्टरांनी त्यांच्या हृदयाचीही तपासणी करून घेतली. पायाच्या धमन्या अरुंद झाल्या असतील तर हृदयाच्या आणि मेंदूच्याही झालेल्या असू शकतात. पाय आधी बोलला, एवढंच.

मधुमेह असलेल्या मैत्रिणींना एक वेगळं सांगते. तुमच्या पायाची संवेदना कमी झाली असेल तर दुखण्याची खूण मिळणारच नाही. नागपूरचे डॉ. शरद पेंडसे यांच्यासारख्या डॉक्टरांनी मधुमेही पाय वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं काम केलं आहे आणि या विषयातले सगळेच रोज पाय बघायला सांगतात. रात्री झोपताना तळव्याखाली आरसा धरा. बोटांच्या बेचक्यात चिखल्या आहेत का, जोडव्याखाली कातडी सोलली आहे का, भेगेतून पाणी येतंय का, बघा. कुरूप ब्लेडनं कापू नका. पाय गार वाटतात म्हणून गरम पाण्याच्या पिशवीनं शेकू नका. चटका बसलेला कळत नाही आणि त्या जखमेतून पुढे बोट, पाऊल गमवायची वेळ येते. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालतानाही तेच.

तिसरं दुखणं सगळ्यात कमी वेळ देणारं. अचानक एकाच पायाची पोटरी सुजणं, दुखणं, हाताला गरम लागणं, लालसर किंवा निळसर दिसणं. खोल शिरेत रक्ताची गुठळी झाल्याची ही खूण असू शकते. शिवणाची टेप घ्या आणि दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर मोजा. गुडघ्याच्या वाटीखाली जे हाड पुढे आलेलं लागतं, त्याच्या खाली दहा सेंटिमीटरवर. तीन सेंटिमीटरहून जास्त फरक असेल तर डॉक्टर ते गांभीर्यानं घेतात. फरक कमी असला पण बाकी खुणा असल्या तरी थांबायचं नाही. सोनोग्राफीसारखी डॉप्लर तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी.

आणि आपण काय करतो? खोबरेल तेल कोमट करून पोटरी चोळतो! मालिशवाल्या बाईला बोलावतो. एकाच सुजलेल्या पायाला हात लावू द्यायचा नाही, हे मी प्रत्येक बैठकीत ओरडून सांगते. चोळल्यानं गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचलं, खोकल्यातून रक्त पडलं, चक्कर आली, तर उद्या सकाळची वाट बघायची नाही. १०८ला फोन करायचा.

ही गुठळी कुणाला होते? ऑपरेशननंतर पडून राहिलेल्यांना, प्लास्टरमध्ये पाय असलेल्यांना, कर्करोगाच्या रुग्णांना. आणि गरोदर बायकांना, बाळंतिणींना. बाळंतपणात फार रक्त जाऊ नये म्हणून निसर्गच गरोदरपणात रक्त घट्ट करतो. तो धोका बाळंतपणानंतर साधारण सहा आठवडे राहतो, सिझेरियन झालं असेल तर जास्त. गरोदरपणात बहुतेक वेळा डावा पाय सुजतो. आपल्याकडे सव्वा महिना बाळंतिणीनं बाजेवरून उतरायचं नाही, अशी जुनी शिस्त. विश्रांती हवीच. पण दिवसातून दहा वेळा पावलं वर-खाली हलवणं, घरातल्या घरात चार पावलं चालणं, पाणी पिणं, यानं विश्रांती मोडत नाही. सासूबाई रागावल्या तर डॉक्टरांचं नाव सांगा!

सेरेना विल्यम्स ही टेनिसची राणी. तिला २०११ मध्ये फुप्फुसात गुठळ्या झाल्या होत्या. २०१७ मध्ये सिझेरियननं मुलगी झाली आणि दुसऱ्याच दिवशी तिला श्वास लागला. हे पुन्हा तेच आहे, हे तिनं ओळखलं. नर्सला सांगितलं, स्कॅन करा, रक्त पातळ करण्याचं औषध द्या. नर्सला वाटलं, वेदनाशामक औषधानं ही गोंधळली आहे. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही सापडलं नाही. तिनं हट्ट सोडला नाही. शेवटी स्कॅन झाला आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. एवढ्या मोठ्या बाईला दोनदा सांगावं लागलं, मग आपल्याला चारदा सांगावं लागलं तर संकोच कशाला?

आता जरा नाजूक विषय. गौरी-गणपती जवळ आले की मेडिकलच्या दुकानात बायकांची एक कुजबुज सुरू होते, "पाळी पुढे जायची गोळी द्या हो." चिठ्ठी नाही, तपासणी नाही. या गोळ्यांमधलं नॉरएथिस्टेरॉन हे संप्रेरक शरीरात गेल्यावर त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेननं गुठळीची शक्यता वाढते. बहुतेक जणींना काही होत नाही, हे खरं. पण स्वतःला किंवा जवळच्या नात्यात कुणाला आधी गुठळी झाली असेल, वजन खूप असेल, तंबाखूची सवय असेल, नुकतं बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही गोळी घ्यायची नाही. गोळी घेत असताना एक पाय सुजला किंवा धाप लागली तर ती थांबवून लगेच दवाखाना. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावं. गौरीला पाळीचं वावडं असतं का, यावर मला वेगळं पुष्कळ बोलायचं आहे, पण ते पुन्हा कधी. अष्टविनायकाच्या बसमध्ये आठ-आठ तास बसून राहायचं असेल तर अधूनमधून उतरून पाय मोकळे करा, एवढं मात्र आत्ताच सांगते.

क्वचित कुणाचा पाय किंवा हात अचानक पांढराफटक, बर्फासारखा गार, बधिर होतो आणि प्रचंड दुखतो. धमनी एकदम बंद झालेली असू शकते. इथं हिशेब तासांचा असतो, पाचसहा तासांत रक्त सुरू झालं नाही तर अवयव हाती लागत नाही. शेकत बसू नका, निघा.

अर्थात पायाची प्रत्येक तक्रार रक्ताभिसरणाची नसते. दोन्ही पाय सारखे सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड, रक्तक्षय, यातलं काहीही असू शकतं. रक्तदाबाची अम्लोडिपिनची गोळी सुरू झाल्यावर कित्येक बायकांचे घोटे सुजतात. डॉक्टरांना सांगितलं तर गोळी बदलून मिळते, मनानं बंद मात्र करायची नाही. विदर्भातल्या मैत्रिणींनी हत्तीपायाची तपासणीही करून घ्यावी. त्याचे जंतू रक्तात रात्री दिसतात, म्हणून आरोग्य खात्याची माणसं रात्री रक्त तपासायला येतात. त्यांना दार उघडा.

हातापायाला मुंग्या आल्या की "रक्त पोचत नाही" असं आपण म्हणून टाकतो. ते कारण बऱ्याचदा ब-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेत सापडतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या गरोदर बायकांचा १९९३ पासून अभ्यास केला. त्यात जवळजवळ दोन तृतीयांश बायकांच्या रक्तात हे जीवनसत्त्व कमी निघालं. ते दूध-दही, अंडी, मांस-मासे यातून मिळतं, आणि दूध घरात आलं तरी आपल्या वाट्याला चहापुरतंच येतं, नाही का? सतत थकवा, हात गार, जिना चढताना धाप, हे रक्तक्षयानंही होतं. हिमोग्लोबिन आणि ब-१२ या दोन साध्या रक्ततपासण्या आहेत. थंडीत गार पाण्यात हात घातल्याबरोबर बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल होत असतील तर तो रेनॉडचा त्रास. १८६२ मध्ये मोरीस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरनं त्याचं वर्णन केलं. पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आढळतो. बहुतेकींना हात उबदार ठेवले की पुरतं. पण तो तिशीनंतर नव्यानं सुरू झाला, सांधे दुखायला लागले, बोटांवर जखमा झाल्या, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं.

डॉक्टरांकडे गेल्यावर नुसतं "पाय दुखतात" म्हणू नका. कोणता पाय, दिवसाच्या कोणत्या वेळी, किती चालल्यावर, थांबल्यावर किती वेळात बरं वाटतं, पाय वर घेतल्यानं बरं वाटतं की खाली सोडल्यानं, हे चार दिवस लिहून न्या. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाका, पाळीच्यासुद्धा. मशेरी लावत असाल तर विचारायच्या आधी सांगा. महापालिकेचा किंवा नगरपालिकेचा दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र, कुठंही सुरुवात करता येते. पुढची तपासणी लागलीच तर जिल्हा रुग्णालयाची चिठ्ठी तिथून मिळते. आणि हो, जाताना पायाच्या नखांचं नेलपॉलिश काढून जा. नखांचा खरा रंग त्यांनाही बघायचा असतो.